माई, तुमचं सोवळं मी मोडलं

माई,

काल शेवंताबाई आपल्या स्वयंपाकघरात आल्या. दारापर्यंत नाही, आत. चुलीपाशी बसल्या, पीठ मळलं, भाकरी थापल्या. आणि त्यांना आत घेणारी मीच. तुमचा दहावासुद्धा अजून झालेला नाही, आणि तुम्ही इतकी वर्षं जे दार ओढून धरलं होतं ते मी सताड उघडून बसले. रागवायला तुम्ही नाही, म्हणून सकाळपासून मीच मला बोलून राहिले.

लोक येतात, पुढच्या खोलीत बसतात, तुमच्याबद्दल चांगलं बोलतात. "फार सोवळ्याची बाई हो, आजकाल इतकं कोण पाळतं!" मी मान खाली घालून ऐकते. त्यांना वाटतं, जाऊ रडते आहे. रडतेच आहे मी, पण त्यातलं निम्मं शरमेचं आहे. तुमचं सोवळं काय होतं ते या घरात दोघींनाच माहीत होतं, तुम्हाला आणि मला. भाऊजींनाही नाही, यांनाही नाही. आता मी एकटी उरले, आणि हे गुपित मला एकटीला पेलत नाही.

लग्न होऊन नागपुरात, महालातल्या या घरात आले तेव्हा पुढची खोली पाहून मनात म्हटलं, बरं आहे की. साफ फरशी, भिंतीला निळसर चुना, कोपऱ्यात टेबलावर टेबलक्लॉथ. मग तुम्ही मला मागं नेलंत. स्वयंपाकघराच्या दाराशी थांबलात आणि म्हणालात, "सुमन, घाबरू नको हो." मी घाबरलेच. एका कोपऱ्यात छपराच्या कवेलूंतून आभाळ दिसत होतं. भिंतीला लोणा, हात लावला की पोपडा हातात. ओट्याची फरशी मधोमध तडकलेली आणि त्या फटीत झुरळांचा भरला संसार. नळ गळका, खिडकीचं तावदान फुटलेलं, तिथं पुठ्ठा लावलेला. माझं तोंड पाहून तुम्ही हसलात. म्हणालात, "आपले दोघे भाऊ कचेरीत साहेबाच्या फायली कशा छान लावतात! घरचं कवेलू मात्र त्यांना दिसत नाही. त्यांना जेवायला ताट पुढच्या खोलीत लागतं ना."

भाऊजींना विचारलं की उत्तर ठरलेलं. सिमेंटचं परमिट मिळू दे, मग बघू. परमिट काही मिळालं नाही आणि कोणी मागायलाही गेलं नाही. शेवटी आपण दोघीच लागलो.

काय काय केलं हो आपण! डालड्याचा रिकामा डबा भाऊजींच्या कात्रीनं कापला, कात्रीचं वाटोळं केलं, तो पत्रा वरवंट्यानं ठोकून सपाट केला आणि रस्त्यावर काम चाललं होतं तिथून मागून आणलेलं डांबर त्याला फासून कवेलूखाली सरकवला. तरी दुसरीकडून टपटप राहिलीच. तिथं तुम्ही आढ्याला सुतळी बांधलीत आणि तिचं खालचं टोक खाली ठेवलेल्या जर्मनच्या गंज-पातेल्यात सोडलंत. पाणी सुतळीवरून मुकाट्यानं उतरायला लागलं, आवाज नाही की शिंतोडे नाहीत. मी तोंडात बोट घातलं. "कुठं शिकलात?" विचारलं तर म्हणालात, "गळक्या घरात जन्मले की आपोआप येतं."

नळाला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आवळली. ओट्याच्या फटीत चुना, विटकरीची भुकटी आणि गूळ कालवून भरला. गूळ माझ्या हातून जरा जास्तच पडला आणि महालातल्या तमाम मुंग्या आपल्याकडे पाहुणचाराला आल्या. तुम्ही मला म्हणालात, "अगं, फट बुजवायची होती, तिचं बारसं नव्हतं करायचं!" लोणा धरलेल्या भिंतीवर जुनी वर्तमानपत्रं चिकटवून वरून चुना मारला. खळीत मोरचूद घाला, नाहीतर झुरळं कागदासकट चाटून खातील, हे पाठकीणबाईंनी सांगितलं. चार घरं पलीकडच्या त्या, दुपारी तांदूळ निवडायला यायच्या.

आणि खिडकी! भाऊजी सायकलवरून पडले, हात मोडला, त्याचा एक्स-रे घरात आला. पट्टी सुटली त्या दिवशीच तुम्ही तो काळा कागद खिडकीच्या चौकटीत खिळ्यांनी ठोकलात. बरोब्बर बसला. सकाळची उन्हं आली की त्यात भाऊजींची पांढरी हाडं चमकायची. त्या खिडकीखाली चहा गाळत तुम्ही म्हणालात, "नवऱ्याचा हात आता कायमचा माझ्या डोक्यावर." मी चहाचा ठसका लागून मरायची राहिले.

मी अमरावतीची, घरात धाकटी, लाडावलेली. रोज रात्री उशीत तोंड खुपसून रडायचे. त्या डांबरानं आणि चुन्यानं माझं रडणं थांबवलं, माई. हात भरलेले असले की डोळे पुसता येत नाहीत, मग माणूस रडत नाही. तुम्ही मला कधी जाऊपण दाखवलं नाही. यासाठी तुमचे पाय धरायला हवे होते, आणि मी मात्र तुमच्याशी वाद घालत बसले.

वाद कशावरून ते तुम्हाला ठाऊकच आहे. शेवंताबाईंवरून.

त्या आपल्या भिंतीला भिंत लावून राहायला आल्या तेव्हापासून त्यांचा जीव आपल्यावर. माहेर काटोलकडच्या खेड्यातलं, घरी शेती. मालक हिंगण्याच्या कारखान्यात, कंपनीच्या बसनं जाणारे. गावाहून काही आलं की पहिला वाटा आपला, तुरीच्या शेंगा असोत की सांबार-कोथिंबिरीची जुडी. हाक मारत सरळ आत यायच्या. त्यांच्याकडे पुढची खोली, मागची खोली असा भेदच नाही.

तर त्या दिवशी तुम्ही स्टुलावर चढलेल्या, पदर खोचलेला, कोपरापर्यंत डांबर. खाली पोपड्यांचा ढीग. मी स्टूल धरून उभी. बोळातून त्यांचा आवाज आला, "माई, शेंगा आनल्या वं!" आणि पावलं थेट आपल्याकडे. मला वाटलं, आता गेली अब्रू. तेवढ्यात तुम्ही वरूनच ओरडलात, "थांबा! थांबा हो! मी सोवळ्यात आहे!"

पावलं थांबली. "अवं माय," बाहेरून आवाज, "माह्या ध्यानातच नाई आलं. इथंच ठेवतो मंग." आणि शेंगांची टोपली उंबऱ्याबाहेर ठेवून बाई मागच्या मागं गेल्या.

आपण किती हसलो! डांबराचं सोवळं! तुम्ही स्टुलावरून उतरून खाली बसलात आणि पोट धरून हसलात. मी पण हसले. खोटं कशाला बोलू, सगळ्यात जास्त मीच हसले.

पण ती थाप इतकी सोयीची निघाली की तिला आपण घरातच ठेवून घेतलं. दारामागच्या खुंटीवर धूतवस्त्र टांगलं गेलं, बाहेरून दिसेल असं. शेवंताबाई बोळातूनच विचारायला लागल्या, "सोवळं हाय का वं माई?" आणि तुमचं उत्तर दर वेळी "हो." थाप निभवायची म्हणून त्यांच्याकडे गेलात की चहा नाही, पाणी नाही. चहाशिवाय तुमचा जीव कासावीस व्हायचा, समोर वाफाळलेला कप, आणि तुम्ही म्हणायच्या, "नको हो, माझं पाळायचं असतं." मी शेजारी बसून दोन दोन कप प्यायचे. धाकटी ओवळी असते असं शेवंताबाईंनी आपलं समजून घेतलं होतं.

मी तुम्हाला म्हणायचे, "माई, सांगून टाका ना त्यांना. आपलं छप्पर गळतं, भिंत पडते, एवढंच ना? घरोघरी मातीच्या चुली." तुमच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. "झाकली मूठ सव्वा लाखाची, सुमन. पुढची खोली पाहून लोक मान देतात. मागची पाहिली की कीव करतील. मला नाही कोणाची कीव हवी." मी म्हणायचे, "पण त्यांना काय वाटत असेल?" तुम्ही म्हणायच्या, "काय वाटायचंय? सोवळं म्हटलं की कोणाला वाईट वाटत नाही. देवाधर्माचं आहे ते."

इथं मी गप्प व्हायचे. तुम्ही मोठ्या म्हणून नव्हे. ते बोलणं मलाही सोयीचं होतं म्हणून.

वाईट वाटत होतं, माई. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेवंताबाई आपल्या पुढच्या खोलीत सतरंजीवर बसल्या होत्या. तुम्ही त्यांच्याजवळून गेलात की त्या पदर गोळा करून मांडीखाली घ्यायच्या. चुकून तुम्हाला लागू नये म्हणून. एवढी उंच, दांडगी बाई, पण आपल्या घरात शिरली की अंग चोरून बसायची. मी पाहिलं होतं. तुम्हीही पाहिलं असणार, कारण त्या रात्री भांडी आवरताना तुम्ही मध्येच म्हणालात, "सुमन, हे खोटं आता खरं होऊन बसलं गं." मी काही विचारलं नाही. मला वाटलं, थाप मोडता येत नाही म्हणून तुम्ही हैराण झालात. विचारायला हवं होतं.

मग तो दिवस. मागच्या अंगणात कपडे वाळत घालता घालता तुम्ही खाली बसलात आणि आडव्या झालात. हे दोघं कचेरीत. मी कुंपणाकडे धावून हाक मारली. शेवंताबाई कुंपणाच्या काट्यांतून आल्या, हात रक्ताळला त्यांचा. तुमचं डोकं मांडीवर घेतलं, सायकलरिक्षा थांबवली, तुम्हाला लहान पोरीसारखं उचलून तिच्यात बसवलं आणि रामदासपेठेतल्या दवाखान्यापर्यंत छातीशी धरून ठेवलं. मी मागच्या रिक्षात. दवाखान्यापाशी उतरले तेव्हा तुमचा हात शेवंताबाईंच्या मनगटावर घट्ट बसलेला. तो मी सुटलेला पाहिला नाही. डॉक्टरांनी सोडवला.

तिसऱ्या दिवशी त्या भेटायला आल्या. पुढच्या खोलीत बायका होत्या म्हणून बोळातच उभ्या राहिल्या आणि मला खुणेनं बोलावलं. मला वाटलं, रडतील. तर हळूच विचारतात, "सुमन, एक सांग वं. माई तवा सोवळ्यात तं नव्हत्या ना? म्या शिवली त्यायले. मरतावख्ती बाटवलं तं नाई ना म्या?"

माई, मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तीन दिवस ही बाई हा घोर उराशी घेऊन बसली होती! मी नुसती "नाही, नाही हो" म्हणत राहिले. त्यापुढचं सांगितलं नाही. बायका आत होत्या, आणि सव्वा लाखाची मूठ माझ्या हातात होती.

पहिले दिवस जेवण पाठकीणबाईंकडून आलं. काल त्यांना जमलं नाही. माझे हातपाय चालत नव्हते, चुलीपुढं बसले की तुम्ही दिसायच्या. दुपारी शेवंताबाई आल्या, हातात ज्वारीच्या पिठाचा डबा, बेसनाची पुडी. उंबऱ्याबाहेर उभ्या राहून म्हणाल्या, "सुतकात सोवळं नसते म्हंतात. मंग मी येऊ का आत? चार भाकरी टाकून देतो."

खरं सांगते, माझ्या तोंडात "थांबा" हाच शब्द आला होता. इतकी सवय! पण सांगायचं काय? सुतकात घरात देवाची पूजा नाही, कसलं सोवळं? आपल्याच धर्मानं आपली थाप काढून घेतली होती. आणि समोर ती बाई, हातावर कुंपणाच्या काट्यांचे ओरखडे अजून तसेच. मी म्हटलं, "या."

त्या आल्या. उभ्या राहून सगळीकडे पाहिलं. डालड्याचा पत्रा, आढ्याची सुतळी, खाली गंज, भिंतीचा फुगलेला कागद. खिडकीपाशी जाऊन भाऊजींची हाडं पाहिली, बोटानं चाचपली. मला वाटलं धरणी दुभंगावी. मग मी बोलत सुटले. डांबराचं सांगितलं, स्टुलाचं सांगितलं, खुंटीवरच्या धूतवस्त्राचं सांगितलं. म्हटलं, "शेवंताबाई, माईंचं सोवळं-बिवळं काही नव्हतं हो. हे दिसू नये म्हणून ते सगळं. त्यांना लाज वाटायची घराची. तुमच्या हाताचं, तुमच्या शिवण्याचं त्यांना कधी काही नव्हतं."

त्या पाटावर टेकल्या. मग म्हणाल्या, "आन् म्या इतके वरीस समजून राहिली होती का आमचाच इटाळ होतो त्यायले." डोळे पुसले. "एवढंच होतं तं सांगतलं काहून नाई वं माईनं? गावाकडून दोन खेपा कवेलू आनून टाकले असते. मायं घर काय राजवाडा हाय?"

माझ्या छातीवरचा दगड उतरला. मला वाटलं, माई, मी तुमचं नाव स्वच्छ केलं. तुमचा शब्द मोडला हे खरं, पण तुमच्यावरचा डाग पुसला. तुम्ही रागावाल, मग समजून घ्याल. मी चूल पेटवून दिली, त्यांनी परातीत पीठ घेतलं, बेसनाला फोडणी दिली. बऱ्याच दिवसांनी घरात लसणाचा वास सुटला. त्या सुतळीकडे पाहून हसल्या सुद्धा, "डोकं होतं बाईले!" म्हणाल्या. मीही हसले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.

भाकरी थापता थापता, वर न बघता त्यांनी विचारलं, "मंग पाठकीणबाई काहून येत होत्या वं आत?"

थाप, थाप, थाप. हात चालूच.

माई, याचं उत्तर तुम्ही द्यायचं होतं. पाठकीणबाई याच पाटावर बसायच्या, याच सुतळीखाली. पोपडे त्यांच्या तांदळात पडायचे, त्या फुंकून काढायच्या. भाऊजींच्या हाडांवरून त्यांनीही थट्टा केली होती, मोरचूद त्यांनीच सुचवला. त्यांच्यापुढं आपल्याला लाज वाटली नाही. एकदाही नाही. भिंतीपलीकडे शेवंताबाईंना त्यांचं हसणं इतकी वर्षं ऐकू येत होतं, आणि त्या आपल्या घरात पदर मांडीखाली घेऊन बसत होत्या.

"त्या आपल्या..." एवढं माझ्या तोंडून निघून गेलं. पुढचं मी गिळलं. मग म्हणाले, "मला नाही हो माहीत."

शेवंताबाईंनी तव्यावरची भाकरी निखाऱ्यावर टाकली, फुगू दिली, राख झटकून माझ्या ताटात वाढली. वर बेसन घातलं. माझ्याकडे बघितलं, नीट बघितलं. "बरं," म्हणाल्या, "जेव आधी. निवून राहिली."

मला माहीत होतं, माई. हे त्यांनाही कळलं. भाकरी गरम होती, आणि मी ती खाल्ली.